आपली मुले आणि आदाननिक्षेपण समिती

जैन आचारशास्त्रात मुनींसाठी ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील चौथी आदाननिक्षेपण समिती होय. कोणतीही वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहावे, म्हणजे नकळत एखाद्या जीवाला इजा होणार नाही, एवढाच तिचा सरळ अर्थ. ही मुनींची चर्या, म्हणून आपण गृहस्थ तिला दुरून वंदन करून मोकळे होतो. परंतु मोहगाव, सौंसर व पांढुर्णा या आपल्या पट्ट्यातील मुलांवर येणाऱ्या नित्याच्या संकटांचा विचार करता, त्यांतील पुष्कळशी संकटे वडीलधाऱ्यांनी एखादी वस्तू कोठे व कशी ठेवली यातूनच उद्भवतात, असे आम्हांस दिसते.

आपला मुलूख कापसाचा व संत्र्याचा. त्यामुळे कीटकनाशके घरोघरी आहेत, आणि ती विकणाऱ्या दुकानांतही आहेत. डब्यावरील त्रिकोणाचा लाल रंग अतितीव्र विष दर्शवितो. त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. ही खूण मूळ डब्यावर असते, सरबताच्या रिकाम्या बाटलीवर नसते. तेव्हा सुटे औषध बाटलीत ओतून देण्याची रीत, गिऱ्हाईक नाराज झाले तरी, आपल्या पेढीवर बंदच असावी. मुलाच्या पोटात विष गेलेच, तर घरच्या घरी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ न दवडता डब्यासह त्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

दुसरे संकट शेतातील उघड्या नळकूपाचे. डिसेंबर २०२२ मध्ये शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील मांडवी येथे आठ वर्षांचा एक मुलगा अशा कूपात पडला. कित्येक दिवस खोदकाम चालले, पण तो वाचला नाही. वास्तविक सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच याविषयी नियम घालून दिले होते : खोदाई चालू असता कुंपण व फलक, नंतर नळाच्या तोंडावर पक्के झाकण, आणि कूप कोरडा निघाल्यास तो तळापासून जमिनीपर्यंत माती-दगडांनी बुजविणे. आपल्यापैकी अनेकांचे संत्र्यांचे बगीचे आहेत. पाणी न लागलेल्या कूपावर गोणपाट टाकून त्यावर दगड ठेवणे म्हणजे झाकण नव्हे.

आता तिसरी वस्तू, जी आपण दिवसातून शंभर वेळा उचलतो व ठेवतो. गल्ल्याची किल्ली मुलाच्या हाती न देणारा व्यापारी, ज्यात साऱ्या पेढीचा व्यवहार आहे तो मोबाईल मात्र त्यास खेळावयास देतो, आणि यूपीआयचा गुप्त अंकही त्याच्यादेखतच दाबतो! वसुलीचा मोबाईल निराळा असावा, व त्यातील प्रत्येक खरेदीस परवलीचा शब्द लागेल अशी योजना करावी. पैसे मिळविण्यासाठी गुप्त अंक कधीच द्यावा लागत नाही, हेही मुलास समजावून सांगावे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायद्याने बंदी घातली; पण बंदीने आमिष दाखविणारे नाहीसे होत नाहीत.

पैशाची हानी भरून निघते. खेळात भेटलेला अनोळखी मनुष्य गोड बोलून छायाचित्र मागतो व पुढे त्याच्याच बळावर धमकावतो, ही हानी निराळी. येथे मुलाचा घात पुष्कळदा बापाच्या धाकाने होतो. आपण सांगितले तर मार बसेल, या भीतीने मूल गप्प राहते आणि धमकावणाऱ्याला तेच हवे असते. पाच समितींत भाषासमितीही आहे, हे घरात बोलताना आपण का विसरावे? ‘चूक झाली तरी मजजवळ ये, मी रागावणार नाही’ हे वाक्य प्रसंग येण्यापूर्वीच मुलाच्या कानी पडलेले असावे, आणि प्रसंग आल्यावर ते पाळलेही जावे. अशा वेळी धमकावणाऱ्यास पैसे देऊ नयेत आणि त्याचे संदेश पुसूनही टाकू नयेत, कारण पुरावा तोच असतो. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत अडविण्याची शक्यता अधिक. मुलाच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. दोन्ही क्रमांक दुकानात दराच्या पाटीशेजारी, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहून ठेवावेत.