मोठा दिवाणखाना, बेताचे पैसे आणि होम थिएटर

घरात टीव्ही मोठा आला, की पाठोपाठ त्याच्या आवाजाची टूम निघतेच. चिरंजीव मोबाईलवर स्पीकरची चित्रं दाखवू लागतात, यजमान ‘दिवाळीला बघू’ म्हणतात, आणि पैसे मात्र बहुधा तुमच्या भिशीतून नाहीतर तुम्ही बाजूला टाकलेल्या रकमेतून जायचे असतात. दुकानात ‘वॉट’, ‘चॅनेल’, ‘बास’ असले शब्द सुरू झाले, की आपण आपली पर्स सांभाळत खुर्चीवर बसून राहायचं! मैत्रिणींनो, हे काही बरोबर नाही. चार दुकानं हिंडून, कापड चुरगळून बघून साडी घेणाऱ्या आपण. स्पीकरचीही पारख करता येते. थोडी माहिती मात्र हवी.

पहिल्यांदा ठरवायचं ते हे, की घ्यायचं कशासाठी? दणदणाटासाठी की घरातल्या सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून? आमच्या परिचयाच्या एका घरी ऐसपैस दिवाणखान्यासाठी एकदम सात छोट्या स्पीकरांचा स्वस्त संच आला. मारामारी सुरू झाली, की खिडक्यांच्या काचा थरथरत आणि बोलणं सुरू झालं, की काही कळत नसे. आवाज वाढवावा तर पुन्हा मारामारी कानठळ्या बसवी. महिन्याभरात सासूबाई ‘मला नाही बाई समजत’ म्हणून आतल्या खोलीत जाऊन बसू लागल्या. स्पीकर सात वाढले आणि ऐकणारं माणूस एक कमी झालं! मोठी खोली आणि बेताचे पैसे असले, की हीच चूक फार घरांत होते. म्हणून एकच सूत्र ध्यानात ठेवा: पेट्या कमी घ्या, पण चांगल्या घ्या, आणि पहिला मान बोलण्याला द्या.

आधी खोली मोजा

दुकानात जाण्यापूर्वी शिवणाची टेप घ्या आणि दिवाणखान्याची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहा. दहा फूट उंचीची १२ बाय १० ची बेडरूम म्हणजे १२०० घनफूट हवा. तेवढ्याच उंचीचा २० बाय १५ चा हॉल म्हणजे ३००० घनफूट, म्हणजे अडीच पट! हॉल जेवणघराला आणि जिन्याला उघडा असेल, तर तीही जागा धरा. स्पीकरच्या दृष्टीने ती सगळी एकच खोली. बेडरूममध्ये गोड वाजणारा लहानसा साउंडबार मोठ्या हॉलमध्ये केविलवाणा का होतो, ते आता लक्षात येईल.

दुसरं माप सोफ्यापासून टीव्हीपर्यंतच्या अंतराचं. उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं, की आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती थोडा आवाज परत देतात म्हणून घट इतकी होत नाही, पण होते खरी. सात फुटांवर बसणाऱ्या घराचा सल्ला चौदा फुटांवर बसणाऱ्या घराला लागू पडत नाही, तो यामुळेच.

खोलीचा घुमा कमी करा

आता हॉलच्या मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीनंतर ‘टणण्’ असा शेपटासारखा आवाज रेंगाळला, तर दोष आधी खोलीत आहे. गुळगुळीत टाइल्स, मोठ्या काचा, उघड्या भिंती. यांवर आवाज आपटून परत येतो आणि एका शब्दावर दुसरा शब्द चढतो.

यावर एक जुनी हकीकत सांगते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास एक नवं व्याख्यानगृह झालं. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही आणि मुलांना व्याख्यान कळत नसे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आलं. त्यांनी जवळच्याच एका थिएटरातल्या बाकांवरच्या गाद्या रातोरात आणून त्या सभागृहात मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. खोली जितकी मोठी तितका घुमा जास्त, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो कमी, हा आजही वापरला जाणारा नियम त्या गाद्यांतून निघाला!

आपल्या घरात काय करायचं? सोफा आणि टीव्ही यांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर जाड सतरंजी किंवा गालिचा अंथरा. खिडक्यांना जाड कापडाचे, भरपूर चुण्यांचे पडदे लावा. काचेला चिकटून नकोत, दोनचार इंच पुढे. मागच्या भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट असेल तर फारच छान. लोड-तक्के, गाद्या, उशा यांचाही उपयोग होतो. यातलं बरंचसं घरातच असतं, म्हणजे खर्च जवळजवळ नाहीच. भिंतीला अंड्यांचे पुठ्ठे चिकटवण्याचा सल्ला मात्र कोणी दिला, तर ऐकू नका. त्याने घर तेवढं विद्रूप होतं.

कोणत्या पेट्या आधी?

‘५.१’ म्हणजे पाच स्पीकर आणि घनगंभीर आवाजासाठी एक सबवूफर. पाचांपैकी तीन पुढे असतात, डावा, उजवा आणि मधला. दोन सोफ्याच्या बाजूला, किंचित मागे. सिनेमातलं बहुतेक बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. थिएटरातही पडद्याला बारीक भोकं असतात आणि बोलण्याचा स्पीकर पडद्यामागे मधोमध उभा असतो. म्हणून तर आवाज नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो.

पैसे अगदीच थोडे असतील, तर दोन चांगले स्पीकर घ्या. बरोबर मध्ये बसणाराला बोलणं मधूनच आल्यासारखं वाटतं. पण मोठ्या हॉलमध्ये आजोबा एका टोकाला आरामखुर्चीत, मुलं दुसऱ्या टोकाला जमिनीवर, अशी पंगत असते. अशा घरात मधला स्पीकर ही चैन नाही, गरज आहे. मागचे दोन स्पीकर वर्ष-दोन वर्षांनी घेतले तरी चालतात. मात्र ॲम्प्लिफायर, ज्याला दुकानदार रिसीव्हर म्हणतात, तो पाच स्पीकर चालवणारा घ्या, म्हणजे पुढे भर घालता येते.

माळ्यावर जुन्या स्टिरिओचे मोठे लाकडी स्पीकर पडले असतील, तर भंगारात देण्याआधी तपासून घ्या. पुष्कळदा आतल्या शंकूभोवतीची फोमची कड तेवढी झिजून भुगा झालेली असते आणि ती बदलून मिळते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारांत चौकशी करा.

वॉटचं गौडबंगाल

खोक्यावरचा हजार वॉटचा आकडा वाचून भुलू नका. ‘पीएमपीओ’ असं लिहिलं असेल, तर तो आकडा सरळ विसरा. ‘आरएमएस’ वॉट किती, ते विचारा. आणि वॉट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही बरं का! ५० चे १०० वॉट झाले, तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जरासाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा पट वॉट लागतात.

त्यापेक्षा स्पीकरची ‘सेन्सिटिव्हिटी’ बघा. एक वॉट दिला, तर एक मीटरवर किती आवाज, याचा तो आकडा. ८५ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ८८ चा घेतला, तर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये मिळतो. शेगडी तीच ठेवून चांगल्या बुडाचं पातेलं घेतल्यासारखं आहे हे. मोठ्या खोलीसाठी ८८ किंवा त्याहून जास्त आकडा शोधा. आणि स्पीकरचे ‘ओहम’ ॲम्प्लिफायरवर लिहिलेल्यापेक्षा कमी नकोत.

सबवूफर मोठ्या हॉलला मोठा लागतो. आठ इंची शंकूपेक्षा बारा इंची शंकूचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं, आणि हवा ढकलायची ती त्यानेच. पण त्यासाठी पुढच्या स्पीकरांचे पैसे कापू नका. सबवूफर नंतर आला तरी चालेल.

रुपयाची वाटणी

जुन्या हिशेबाने रुपयाचे सोळा आणे धरू. त्यातले सात आणे पुढच्या तीन स्पीकरांना, चार आणे रिसीव्हरला, चार आणे सबवूफरला आणि एक आणा वायर व स्टँडना. वायरी महागड्या नकोत. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर वीसेक फुटांपर्यंत छान काम देते.

दुकानात गेल्यावर

खोलीची मापं, सोफ्याचं अंतर आणि टीव्हीचा मॉडेल नंबर लिहिलेला कागद बरोबर ठेवा. टीव्हीच्या मागे ‘एआरसी’ लिहिलेलं एचडीएमआय भोक आहे का, तेही पाहून जा. असलं, तर एकाच वायरने टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे जातो.

दुकानदार स्फोटाचा प्रसंग लावील. त्याला म्हणा, ‘भाऊ, तो राहू द्या. दोन माणसं हळू बोलताहेत असा एखादा लावा.’ तुम्हाला पाठ असलेला मराठी सिनेमा असेल, तर उत्तम. डोळे मिटून, आवाज लहान ठेवून ऐका. शब्द न् शब्द कळतो का? दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा. जरा मोठा वाजणारा स्पीकर आपल्याला उगीचच चांगला वाटतो. दुरुस्ती गावात होते का आणि घरी नाही आवडला तर परत घेणार का, हे पैसे देण्यापूर्वी विचारा, नंतर नव्हे.

घरी मांडताना

स्पीकर शोकेसच्या काचेआड किंवा कपाटावर नकोत. बसल्यावर कान जिथे येतात, त्या उंचीवर समोरचे दोन ठेवा, तोंडं किंचित सोफ्याकडे वळवून. मधला स्पीकर टीव्हीखाली असेल, तर त्याच्या पुढच्या कडेखाली लहानशी पाचर देऊन तोंड वर करा. क्रोशाचे सुंदर रुमाल स्पीकरवर नकोत आणि रिसीव्हरवर तर मुळीच नकोत. तो तापतो, त्याला हवा लागते.

लाल वायर लालला, काळी काळीला. एखादी उलटी लागली, तर भारदस्त आवाज पातळ होतो आणि बोलणं कुठून येतंय ते कळत नाही. सबवूफरची जागा शोधायची एक गमतीदार युक्ती आहे. तो सोफ्यापाशी, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे आवाज भरीव पण स्वच्छ वाटेल, तिथे सबवूफर ठेवा. रांगायचं काम चिरंजीवांना द्यावं, हे उत्तम! फ्लॅटमध्ये त्याच्याखाली जाड रबर घाला. तो घुमणारा आवाज स्लॅबमधून खालच्यांच्या घरी पोचतो आणि शेजार तुटायला एवढंही पुरतं.

शेवटी रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन मधल्या स्पीकरचा आवाज दोन-तीन डेसिबल वाढवा. रात्री ‘नाइट मोड’ लावा, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं. मग घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून विचारा, ‘कळतंय ना सगळं?’ त्यांनी मान डोलावली, की तुमचे पैसे सत्कारणी लागले असं समजा. मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला बघू.