औषध सांडले तर

आपल्याकडे कीटकनाशकाला कीटकनाशक कोणी म्हणत नाही. औषध म्हणतात. कापसावर औषध मारले, हळदीला औषध सोडले, औषधाचा कॅन आखाड्यावर आहे. शब्द मायेचा आहे आणि तोच घात करतो. औषध म्हटले की माणूस निर्धास्त होतो. खोकल्याचे औषध सतरंजीवर सांडले तर आपण फडक्याने टिपतो आणि विसरून जातो. या औषधाचेही आपण नेमके तेच करतो. म्हणून आज एवढेच बोलायचे आहे की हे जहाल विष घरात, गाडीत किंवा रानात सांडले, तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावे आणि काय मुळीच करू नये.

मी रसायनशास्त्राचा माणूस नव्हे. अर्थशास्त्राचा एम. ए., महाविद्यालयात शिकवतो. पण घर शेतकऱ्याचे, कयाधूकाठचे, आणि या विषयाचा पहिला धडा मला घरीच मिळाला.

मी कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. वडील बाजार करून भाड्याच्या जीपने गावी आले. जीपमध्ये खाली औषधाचा पाच लिटरचा कॅन आणि त्याला खेटून गव्हाचे पोते. रस्ता खड्ड्यांचा, कॅनचे बूच सैल झाले आणि पोत्याचा खालचा कोपरा भिजला. घरी आल्यावर उग्र वास आला तेव्हा उलगडा झाला. आई म्हणाली, “खालचे चार शेर काढून टाकू, बाकीचे धुऊन उन्हात घालू. वास जाईल.” वडिलांनाही ते पटत होते. अर्ध्या क्विंटलचे पोते टाकून द्यायचे म्हणजे काय, हे ज्याने विकत आणले त्यालाच कळते. तेवढ्यात शेजारचे एक वृद्ध, निवृत्त गुरुजी ओसरीवर आले. त्यांनी पोते पाहिले आणि म्हणाले, “जनावरालासुद्धा घालू नका. केरळात काय झाले ते ठाऊक आहे का?”

गुरुजींनी सांगितलेली हकीकत पुढे मी पुस्तकांत पडताळून पाहिली. ती अशी. १९५८ सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईहून ‘जयहिंद’ नावाचे मालवाहू जहाज कोचीनला गेले. त्यात खाण्याच्या जिनसांची पोती होती आणि त्याच जहाजात फॉलिडॉल या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे कीटकनाशकही होते. ते वाटेत गळले आणि पोत्यांत मुरले. पोती उतरली, बाजारात गेली, त्यांतल्या पिठाचे जिन्नस लोकांनी खाल्ले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. सरकारने चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा आयोग नेमला. आपल्या देशात १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला, त्याच्या मुळाशी ही घटना आहे. पाहा बरे, विष सांडले जहाजाच्या पोटात आणि माणसे मेली आपापल्या घरी, ताटावरून उठून.

सांडलेल्या विषाचा स्वभावच असा आहे. ते सांडल्या जागी राहत नाही. पोत्यातून जाते, धोतरातून जाते, पायताणातून घरात येते, मोरीतून ओढ्याला मिळते. म्हणून विष सांडल्यावरचे सगळे काम एका वाक्यात सांगायचे तर त्याला जागच्या जागी अडवणे. पुढे जे सांगणार आहे ते याच एका सूत्राला धरून आहे.

हे विष शरीरात करते काय? शिक्षक मंडळींना फळ्याचे उदाहरण लगेच पटेल. आपली मज्जातंतूची दोरी स्नायूला निरोप देते, म्हणजे जणू फळ्यावर एक अक्षर लिहिते. ते अक्षर लगेच पुसणारे एक द्रव्य शरीरात असते. पुसले म्हणजे पुढचे अक्षर लिहिता येते. पॅराथिऑन, मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची विषे या फळा पुसणाऱ्याचेच हात बांधून टाकतात. मग अक्षरावर अक्षर चढते. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, उलट्या, जुलाब. डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मांसाचे गोळे थरथरतात, शेवटी छातीत पाणी भरते आणि श्वासाचे स्नायू थकून थांबतात. याच कुळातला टाबुन नावाचा युद्धातला विषारी वायू १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर या रसायनशास्त्रज्ञाला सापडला, तोही कीटकनाशके शोधता शोधता. पॅराथिऑनदेखील त्यांचेच. आपल्या आखाड्यावरच्या बाटलीचे सोयरे कोण आहेत, ते यावरून कळावे.

आणि हे विष पोटात जाण्यासाठी तोंडच लागते असे नाही. धडधाकट, कुठेही न खरचटलेल्या कातडीतून ते आत जाते. घामाने भिजलेल्या अंगातून तर अधिकच. पैनगंगेपलीकडच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. त्यांनी काही विष प्यायलेले नव्हते. ते अंगावर उडाले होते, श्वासातून गेले होते.

तेव्हा औषध माणसाच्या अंगावर सांडले असेल तर जमिनीकडे पाहू नका, आधी माणसाकडे पाहा. त्याला सांडलेल्या जागेपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या. अंगावरचे कपडे तत्काळ काढा. सगळे, करदोट्याला अडकवलेला बटवासुद्धा. डोक्यावरून ओढून काढण्यापेक्षा फाडून काढलेले बरे, म्हणजे विष तोंडाला लागत नाही. मग साबण आणि भरपूर पाणी. बादलीत बसवू नका, वरून ओता. केस, कानांची मागची बाजू, काखा, जांघा, नखे, या जागा विसरतात. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. धुणाऱ्याने आपल्या हातांत रबरी मोजे घालावेत, नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. नाहीतर एकाचे दोन रोगी होतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. खुरपायला, फवारणीला पाणी वाहायला आपल्याकडे बायाच अधिक. पाठीवर औषध सांडले तरी चारचौघांत लुगडे कसे सोडावे म्हणून बाई तशीच ओल्या कपड्याने संध्याकाळपर्यंत काम करते आणि रात्री तिला चक्कर येते. दोघी जणींनी घोंगडे किंवा सतरंजी आडवी धरली की आडोसा होतो. तेवढे सांगणारे कोणी तरी रानात असले पाहिजे. मुकादमाने, मालकाने ते आधीच सांगून ठेवावे. लाजेपायी गेलेला तो वेळ फार महाग पडतो.

ओकारी काढायला मिठाचे पाणी पाजू नका, दूध-तूपही नको. पुष्कळ औषधे रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेली असतात. उलटी करताना ते फुप्फुसात उतरते. माणूस बेशुद्ध होत असेल तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका आणि १०८ ला फोन लावा. या जातीच्या विषावर अ‍ॅट्रोपिन हे इंजेक्शन आहे, पण डॉक्टरांना विषाचे नाव कळले पाहिजे. सगळ्या कीटकनाशकांवर उपाय एक नाही. म्हणून डब्यावरच्या लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून न्या. “कापसाचे औषध होते” एवढ्यावर डॉक्टर काय करणार? आणि माणूस धुतल्यावर बरा दिसला तरी एक दिवस त्याच्यावर नजर ठेवा. लक्षणे काही तासांनीही उमटतात.

आता जमीन. आपला पहिला हात जातो पाण्याच्या बादलीकडे. तोच आवरायचा. पाणी ओतले की हातभर जागेतले विष अंगणभर होते आणि मोरीवाटे गावभर. पोरे, कोंबड्या, गुरे बाजूला करा. कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा घ्या. आधी सांडलेल्या जागेच्या कडेने बांध घाला, शेताच्या धुऱ्यासारखा. मग कडेकडून आत टाकत सगळे झाका. विष मातीत मुरू द्या. जुन्या पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने ती माती खरडून जाड पिशवीत भरा, तोंड बांधा. पुन्हा एकदा कोरडी माती टाका, पुन्हा भरा. त्यानंतर धुण्याचा सोडा आणि साबण थोड्याशा पाण्यात घालून जागा घासा आणि तेही पाणी मातीनेच टिपा. सोड्याच्या क्षारात या जातीचे विष हळूहळू फुटते. सारवलेली जमीन असेल तर दोन बोटे खोल उकरून काढा आणि नवी माती घालून सारवा. नुसते वरून सारवले तर विष खाली तसेच राहते आणि त्यावर रांगणारे मूल आपलेच असते. चामड्याच्या चपलेत मुरलेले औषध धुऊन जात नाही. ती चप्पल गेली असे समजा. विहिरीत, ओढ्यात विष गेलेच, तर लपवू नका. ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला कळवा, माणसांचे आणि गुरांचे पाणी बंद करा.

एक अपवाद मात्र नीट ध्यानात धरा. धान्याला कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्या अ‍ॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या सांडल्या तर त्यांना पाणी नाही, ओली माती नाही, साबण नाही. ओल लागली की त्यांतून फॉस्फिन नावाचा प्राणघातक वायू सुटतो. दारे-खिडक्या उघडता आल्या तर उघडा आणि सगळे बाहेर पडा. राहत्या घरात, निजायच्या खोलीत त्या गोळ्या मुळी आणूच नयेत.

शिक्षकांसाठी आणखी एक घटना सांगतो. ती ऐकायला जड आहे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. केरळातल्या जहाजात आणि बिहारमधल्या शाळेत पंचावन्न वर्षांचे अंतर आहे, पण चूक तीच, विषाला अन्नाची संगत. शाळेत तेलाचा डबा कुठून आला, पूर्वी त्यात काय होते, हे स्वयंपाकाच्या ताईंना विचारण्याचा अधिकार मुख्याध्यापकांपासून साध्या सहशिक्षकापर्यंत सर्वांना आहे. वास वेगळा आला तर जेवण थांबवावे. एक दिवस मुले उपाशी गेली तरी चालेल.

मोनोक्रोटोफॉसच्या ३६ टक्के द्रावणावर २०२३ च्या आदेशाने बंदी आली आहे. पण माळ्यावरच्या जुन्या बाटलीला आदेश वाचता येत नाही. अशी बाटली सापडली तर ओतून देऊ नका. तालुका कृषी कार्यालयात विचारा. उकरून पिशवीत भरलेल्या मातीबद्दलही तिथेच विचारावे. रिकामे डबे फोडून वस्तीपासून दूर गाडावेत, असे १९७१ चे नियमच सांगतात. आपण मात्र ते धुऊन पाण्याला, रॉकेलला वापरतो. लेबलावर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर विष अतिजहाल, पिवळा असेल तर जहाल, मग निळा, मग हिरवा. वाचता न येणाऱ्या सालगड्यालाही रंग ओळखता येतो. शाळेत हा चौकोन एकदा फळ्यावर काढून दाखवावा, मुले घरी जाऊन बाटल्या तपासतात; फक्त हात न लावता तपासा, एवढे सांगायला विसरू नये.

आमच्या गव्हाचे सांगायचे राहिले. गुरुजी गेल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पोते बैलगाडीत घातले, खाली जाड ताडपत्री अंथरून, आणि विहिरीपासून लांब, माळाच्या टोकाला खड्डा खणून गाडले. जीपवाल्यालाही परत बोलावून त्याची गाडी राखेने पुसायला लावली. तो कुरकुरला, पण त्याने पुसली. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीपर्यंत पोळी झाली नाही. आई ज्वारीच्या भाकरी थापीत असे आणि अधूनमधून त्या पोत्याची आठवण काढी.