अम्मीची नाडी

मागच्या वर्षी शाबान महिन्यात आमची अम्मी जुहरची वजू करता करता मोरीजवळच खाली बसली. "छातीत पाखरू फडफडतंय," एवढंच म्हणाली. वय अडुसष्ट. मग घरोघरी होतं तेच झालं. कुणी गॅस म्हणालं, कुणी अशक्तपणा. भाभींनी ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. अर्ध्या तासात फडफड थांबली आणि अम्मीने बसून नमाज अदा केली. दुसऱ्या दिवशी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. आम्ही निश्चिंत झालो.

तिथेच आमचं चुकलं. ईसीजी म्हणजे दहाएक सेकंदांचं चित्र. त्या सेकंदांत ठोके ठीक असतील तर कागदही ठीकच येणार. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा आम्ही अम्मीला तशीच रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं आणि फडफड चालू असतानाच ईसीजी काढून घेतला. तेव्हा कुठे आजाराचं नाव कळलं: एट्रियल फिब्रिलेशन. फडफड येते-जाते, पण ती हमखास केव्हा येईल हे सांगता येत नसेल, तर डॉक्टर चोवीस तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगावर बाळगायचं होल्टर नावाचं यंत्र लावतात.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक लहानशी जागा असते. तिथून विजेचा बारीकसा इशारा निघतो आणि सगळं हृदय त्या तालावर चालतं. शाळेच्या कवायतीत एक मुलगा ढोल वाजवतो आणि सगळी रांग पावलं टाकते, तसंच. या आजारात रांगेतला जो तो आपापला ढोल बडवू लागतो. वरचे कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की लकवा. ज्यांना हा आजार आहे त्यांना लकव्याचा धोका सुमारे पाचपट असतो. खरी भीती आहे ती याची. फडफडीचा त्रास त्यामानाने किरकोळ, आणि कित्येकांना तर फडफड जाणवतही नाही.

पूर्वीचे हकीम मनगटावर बोटं ठेवून बराच वेळ गप्प बसत. इब्न सिनाच्या 'अल-कानून'मध्ये तर नब्जचे प्रकारच दिले आहेत: हरणासारखी उडी घेणारी, मुंगीसारखी चालणारी, उंदराच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी. आपल्याला एवढ्या बारकाईत शिरायची गरज नाही. पाच मिनिटं शांत बसवा. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर आपली दोन बोटं टेकवा, अंगठा मात्र नको, कारण अंगठ्यात आपलीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. बसल्या जागी साठ ते शंभर ठोके ठीक. पण आकड्याइतकाच ताल महत्त्वाचा आहे. मध्येच एखादा ठोका चुकला आणि पुन्हा ताल धरला, तर बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. चहा, जागरण, काळजी यांनीही तसं होतं. ठोक्यांना कसलाच हिशेब नसेल, एक जवळ, एक लांब, एक जोरात, एक हलका, तर ईसीजी काढाच.

तरुण मुलींमध्ये वेगळाच प्रकार दिसतो. ठोके बटण दाबल्यासारखे एकदम दीडशेच्या पुढे जातात आणि तसेच एकदम थांबतात. याला घरात 'परीक्षेची भीती' किंवा 'नजर' म्हटलं जातं. हा बहुधा हृदयातल्या जादा विद्युतमार्गाचा दोष असतो. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून तो मार्ग जाळून टाकता येतो आणि बहुतेकांचा त्रास कायमचा जातो. उलट म्हाताऱ्या माणसाचे ठोके चाळिसाच्या आसपास उतरले, चक्कर येऊन ते पडू लागले, तर पेसमेकर लागू शकतो.

छातीत दुखणं, दम लागणं, शुद्ध हरपणं यांपैकी काही फडफडीबरोबर आलं तर घरी थांबू नये, १०८ला फोन करावा. माणूस कोसळला, हाक देत नाही आणि श्वासही नीट नाही, तर अॅम्ब्युलन्स येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोरात दाबत राहावं.

आता गोळ्यांचं. अम्मीला ठोके ताब्यात ठेवायची एक आणि रक्त पातळ ठेवायची एक, अशा दोन गोळ्या आहेत. दुसरीबद्दल आम्ही जरा कडकच बोलतो, कारण आमच्या मोठ्या खालांनी ती स्वतःच्या मनाने बंद केली होती. दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, शेजारणीने घाबरवलं, शिवाय "आता बरं वाटतंय" हे होतंच. दीड महिन्यानंतर एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला आणि तोंडातून शब्द फुटेना. आज त्या उजव्या हाताने घास घेऊ शकत नाहीत. रक्त आलं तर डॉक्टरांना विचारायचं, गोळी परस्पर सोडायची नाही. तिच्याऐवजी अॅस्पिरिन चालत नाही. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आपल्या मनाने आणू नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढतो. लहानपणीच्या सांधेतापाने झडप आकसलेली असेल तर बहुधा वॉर्फरिन देतात; त्यात आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते, आणि मेथी-पालक बंद न करता रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावं.

रमजान जवळ आला तेव्हा अम्मीचा पहिला प्रश्न रोज्याचा होता. तिची गोळी दिवसातून दोनदा. आम्ही चंद्र दिसायची वाट न पाहता महिनाभर आधीच डॉक्टरांकडे गेलो. तिची किडनी, बीपी, साखर पाहून त्यांनी सहरी आणि इफ्तारच्या वेळा बांधून दिल्या, आणि फडफड झाली की रोजा सोडायचा, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. दोनदा सोडावा लागला. अम्मी रुसली, पण गोळी एकदाही चुकली नाही. आता दुपारी शेजारच्या बायका तिच्याजवळ बसल्या की ती एकेकीचं मनगट धरते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजत बसते.