नावातील तिरपी रेघ

सातबारा हा शब्द महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. गाव नमुना ७ व गाव नमुना १२ मिळून होणाऱ्या या उताऱ्याचे नाव लिहिताना दोन अंकांमध्ये तिरपी रेघ देतात. भूमापन क्रमांक व त्यातील हिस्साही असाच लिहिला जातो. कागदावर निरुपद्रवी असलेली ही रेघ संगणकात मात्र अडचणीची ठरते.

डेटाबेसमधील तक्त्याच्या किंवा नोंदीच्या नावात अशी चिन्हे चालू शकतात. तथापि, त्याच नावाची फाईल करावयाची झाल्यास नियम बदलतात. लिनक्स प्रणालीत तिरपी रेघ ही फोल्डर व फाईल यांची नावे विलग करण्यासाठी राखून ठेवलेली आहे. विंडोज प्रणालीत तर तिच्यासह तारका, प्रश्नचिन्ह, उभी रेघ अशी नऊ चिन्हे निषिद्ध आहेत.

नको असलेले चिन्ह गाळून टाकावे, हा उपाय सहज सुचतो. परंतु तोच धोक्याचा आहे. १/११ आणि ११/१ या दोन वेगळ्या जमिनी आहेत. रेघ गाळली की दोन्ही फायलींचे नाव १११ असेच होते. नंतरची फाईल आधीच्या फायलीची जागा घेते आणि एका खातेदाराचा उतारा कोणाच्या लक्षात न येता नाहीसा होऊ शकतो. सर्व निषिद्ध चिन्हांऐवजी एकच अधोरेखा घातली, तरी असा घोटाळा संभवतो.

यावर निर्धोक मार्ग म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक संकेत देणे. मायएसक्यूएल हा डेटाबेस ५.१.६ या आवृत्तीपासून तक्त्यांच्या फायलींसाठी हीच रीत वापरतो. विशेष चिन्हाच्या जागी @ व त्यापुढे चार स्थानांचा संकेतांक येतो. तिरप्या रेघेचा संकेतांक ००२एफ असल्याने १/११ चे १@००२एफ११ होते. मूळ नावातच @ असेल, तर त्यालाही @००४० असा संकेत मिळतो. त्यामुळे गल्लत होण्यास वाव राहत नाही.

अशा कामाची कसोटी एकच आहे: फायलीच्या नावावरून मूळ नाव जसेच्या तसे परत मिळाले पाहिजे. शिवाय, त्या नावाची फाईल आधीच असल्यास संगणकाने ती पुसून न टाकता काम थांबवावे, अशी व्यवस्था हवी. एवढी दक्षता घेतल्यास एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीखाली गाडली जाणार नाही.