पुडे विकणाऱ्या मुली

जानेवारी उजाडला की अमेरिकेत सुपरमार्केटच्या दाराशी घडीची टेबलं दिसू लागतात. टेबलावर बिस्किटांच्या पुड्यांची चळत, सुट्या पैशांचा डबा, हाताने रंगवलेला फलक. मागे उभ्या असतात बिल्ले शिवलेली जाकिटं घातलेल्या, थंडीने नाक लाल झालेल्या आठ-दहा वर्षांच्या मुली. ‘माझं डाएट चालू आहे,’ म्हणत एखादं गिऱ्हाईक सटकायला बघतं. ‘मग सैनिकांसाठी घ्या, आम्ही पोचवतो,’ असं उत्तर तयारच असतं. जवळ आई बसलेली असते, पण उरलेले पैसे मोजून परत देण्याचं काम तिचं नसतं.

ही ‘गर्ल स्काउट कुकी’. एका हंगामात जवळपास २० कोटी पुडे खपतात आणि ८० कोटी डॉलरच्या घरात उलाढाल होते. मुलींनी चालवलेला हा जगातला सर्वांत मोठा धंदा, असं ‘गर्ल स्काउट्स’ ही संस्था अभिमानाने सांगते. पुडे बनवतात परवानाधारक बेकऱ्या, तेव्हा या दाव्यात थोडी फुशारकी आहेच. पण विक्री मुलींची, हे खरं.

ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी १२ मार्च १९१२ रोजी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावी १८ मुलींना घेऊन संस्था सुरू केली. स्वतः त्यांना ऐकू फारसं येत नसे. अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा अधिकार मिळायला अजून आठ वर्षं होती. सुरुवातीला पैशाची ओढाताण होती. लो यांनी आपला मोत्यांचा हार विकून खर्च भागवला. १९१७मध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या गर्ल स्काउट पथकाने घरी कुकीज भाजून शाळेच्या कॅन्टीनमध्ये विकल्या. १९२२मध्ये संस्थेच्या मासिकात शिकागोच्या एका कार्यकर्तीने कृती छापली, आणि कृतीसोबत हिशोबही. सहा-सात डझन कुकीजना खर्च २६ ते ३६ सेंट. विक्री डझनाला २५ ते ३० सेंट. म्हणजे फार तर दीड डझनात मुद्दल वसूल, पुढचा सगळा नफा. दहा वर्षांच्या पोरीलाही हे गणित बोटांवर करता येतं.

१९३०च्या दशकात घरच्या ओव्हनची जागा बेकऱ्यांनी घेतली. महायुद्धात पीठ, साखर, लोणी मिळेना, तेव्हा मुलींनी कॅलेंडरं विकली. आता फोनवरूनही ऑर्डर घेतात.

किती पुडे विकायचे, टेबल कुठे मांडायचं, हे पथक बसून ठरवतं. पैसा मुलीच्या खिशात जात नाही. मोठा वाटा संस्थेच्या विभागीय परिषदेकडे जातो, पुड्यामागे एक लहान हिस्सा पथकाला मिळतो. त्यातून सहल काढायची की प्राण्यांच्या निवाऱ्याला पांघरुणं द्यायची, यावर मुलींची भांडणं होतात. माझ्या मते खरं शिक्षण या भांडणातच आहे. विक्री काय, बाबाही ऑफिसात यादी फिरवून करतात. तसं सर्रास होतं आणि त्यातून बाबांचंच नेतृत्व फुलतं.

मुली घडवणाऱ्या या यंत्राचा सर्वांत चांगला माल निघाला तो पुडे न विकणाऱ्या दोघींच्या रूपाने. २००७मध्ये मिशिगनमधल्या दोन शाळकरी मुली संस्थेच्याच एका पुरस्कारासाठी ओरांगउटानांचा अभ्यास करत होत्या. पाम तेलासाठी या वानरांची जंगलं तोडली जातात, हे त्यांना कळलं. मग त्यांनी आपल्याच पुड्यावरची घटकांची यादी वाचली. तिथेही पाम तेल. दोघींनी विक्री बंद केली, सह्या गोळा केल्या, संस्थेच्या मागे लागल्या. २०११मध्ये संस्थेला पाम तेलाबाबतचं धोरण जाहीर करावं लागलं. स्वतःच्याच संस्थेशी असं भांडायला निघालेल्या मुलींनी तिला थोडं अडचणीत आणलं, पण मुलींना नेतृत्व शिकवण्याचं तिचं कामच यातून सिद्ध झालं.

गर्ल स्काउट आणि गर्ल गाइड यांच्या जागतिक चळवळीचं एक घर आपल्याकडेही आहे. गर्ल गाइड्सचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र पुण्यात १९६६पासून उभं आहे; देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात. आणि स्काउट-गाइडच्या पथकात वाढलेल्यांना ‘खरी कमाई’ ठाऊक असेलच: मुलांनी कष्ट करून चार पैसे मिळवायचे. आता पुष्कळ शाळांत त्याचा अर्थ भेळ-वडापावचे स्टॉल. बटाटे आई उकडते, चटणी आजी वाटते, गल्ला बाई सांभाळतात आणि मुलगी द्रोण पुढे करते. अशाने कमाई होते, ती खरी म्हणावी का, हा प्रश्न उरतो.

पुढच्या वेळी शाळेत असा स्टॉल लागला तर भेळ जरूर घ्या. आणि खर्च किती आला, उरलेल्या पैशाचं काय करायचं ठरलं, हे बाईंना न विचारता त्या मुलीलाच विचारा.