कीर्तीची समुद्रसपाटी

पर्वताची उंची समुद्रसपाटीपासून मोजावयाची, हें आम्ही भूगोलाच्या तासाला मुलांना शिकवीत असूं. कीर्तीला मात्र अशी सर्वमान्य सपाटी नाहीं. ज्या गांवीं ती मोजावी त्याप्रमाणें कमीअधिक भरते. यासुहिको ओकुदेरा या निवृत्त जपानी फुटबॉलपटूकडे पाहिलें म्हणजे हें पटतें.

ओकुदेरा यांचा जन्म १९५२ सालचा, उत्तर जपानांतील अकिता प्रांतांतला. ते फुरुकावा इलेक्ट्रिक या कंपनीच्या संघांत खेळत. त्या काळीं जपानांत धंदेवाईक फुटबॉल नव्हता. खेळाडू हा आधीं कंपनीचा नोकर, मग खेळाडू. १९७७ सालीं ते सरावासाठीं पश्चिम जर्मनींत गेले असतां कोलोन संघाचे गुरु वाइसवायलर यांची नजर त्यांच्यावर पडली. पंचविशींतल्या तरुणानें कायमची नोकरी सोडून परमुलखांत पायांच्या जोरावर पोट भरावयाचें, हा निर्णय सोपा नव्हता. तो त्यांनीं घेतला, आणि जर्मनीच्या वरिष्ठ लीगमध्यें खेळणारे ते पहिले जपानी ठरले.

२९ एप्रिल १९७८ हा हंगामाचा अखेरचा दिवस. कोलोन व ग्लाडबाख यांचे गुण सारखे. अशा वेळीं केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करतात व ज्याची बाकी अधिक तो विजयी. ग्लाडबाखनें त्या दिवशीं डॉर्टमुंडवर बारा गोल चढविले, आणि एकहि खाल्ला नाहीं! तिकडे कोलोननें सांक्ट पाउलीचा पांच-शून्यानें पराभव केला. त्यांतील दोन गोल ओकुदेरांचे. कोलोनची बाकी तिनानेंच अधिक भरली. ते दोन गोल नसते तर विजेतेपद एका गोलावर लटकलें असतें. पुढील वर्षीं युरोपियन चषकाच्या उपांत्य सामन्यांत, इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें, बदली म्हणून उतरून त्यांनींच तीन-तीन अशी बरोबरी साधली.

पुढें बर्लिन व ब्रेमेन येथेंहि ते खेळले. वरिष्ठ लीगमधील त्यांचे २३४ सामने हा जपानी खेळाडूंचा उच्चांक २०१७ पर्यंत टिकला. मग हासेबे यांनीं तो मागें टाकला.

आणि मायदेशीं? तेथें बेसबॉलचें राज्य होतें. शिवाय ऐन उमेदीचीं हीं नऊ वर्षें ते जपानच्या राष्ट्रीय संघांत खेळलेच नाहींत. १९८६ सालीं ते परतले तेव्हां कोठें तेथील संघटनेनें धंदेवाईक खेळाडूंना मान्यता दिली. दोन वर्षांनीं ते निवृत्त झाले, आणि धंदेवाईक जे-लीग सुरू झाली १९९३ सालीं. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची! जे-लीगचा पहिला मोठा नायक ठरला काझुयोशी मिउरा. ओकुदेरा १९९९ पासून योकोहामा एफसी या संघाच्या कारभारांत पडले, आणि २००५ सालीं त्याच संघांत खेळावयास मिउरा आले.