बांद्यातून सुट्टीला निघताय? अर्धं तिकीट पत्रादेवीपर्यंतच. बेत ठरवण्याआधी हा हिशेब बघा

बांदा : काजू बी विकून झाली, आंबे उतरले आणि मुंबईचे चाकरमानी घरी आले की बांदा पंचक्रोशीत घराघरात एकच प्रश्न निघतो, "औंदा खंय जावचा?" उत्तरही बहुतेक ठरलेलं असतं, गोवा. जवळ आहे, माहितीचं आहे, पोरांना समुद्र आणि म्हाताऱ्यांना देवळं दोन्ही मिळतात. पण एसटीने जाणार असाल तर तिकिटाचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा. सवलतीच्या भरवशावर मोजके पैसे घेऊन निघालेल्या कुटुंबाची या हिशेबात चूक होते.

एसटीच्या सवलती आता सगळ्यांना ठाऊक आहेत. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट. महिलांना १७ मार्च २०२३ पासून सरसकट अर्धं तिकीट. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचं हाफ तिकीट तर जुनंच. यातली ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत महाराष्ट्र सरकार देतं, म्हणजे त्या तिकिटाचे उरलेले पैसे सरकार एसटीला भरतं. म्हणून ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच. गाडी एसटीचीच असली तरी हद्द ओलांडल्यावर पुढच्या टप्प्याला पूर्ण भाडं लागतं. कंडक्टर मनाने काही करत नाही, मशीनमधून तिकीटच तसं निघतं. त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

आता बांदा कुठे आहे ते बघा. रत्नागिरीहून पणजीला निघालेल्या बाईला बांद्यापर्यंतच्या सगळ्या वाटेवर अर्धं तिकीट, मग शेवटचा तुकडा पूर्ण भाड्याचा. बांद्याच्या बाईला मात्र पत्रादेवीपर्यंत जेमतेम पाच-सहा किलोमीटर सवलत, आणि पुढे पणजीपर्यंत पूर्ण. महाराष्ट्रभर गाजलेली ही योजना दक्षिणेकडे तोंड केलं की आपल्याला जवळजवळ मिळतच नाही. उत्तरेकडे तोंड केलं की मात्र पूर्ण मिळते.

एका घराचा हिशेब मांडू. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ ची, बाबा, आई आणि दहा वर्षांचा मुलगा, अशी पाच माणसं. महाराष्ट्रात कुठेही जा, आजोबा फुकट, आजी अर्धी, आई अर्धी, मुलगा अर्धा, बाबा पूर्ण. पाच माणसांची मिळून अडीच तिकिटं झाली. हेच कुटुंब पत्रादेवीच्या पुढे गेलं की आजोबा, आजी, आई, बाबा सगळे पूर्ण आणि मुलगा अर्धा, म्हणजे साडेचार तिकिटं. जाऊन-येऊन फरक चार तिकिटांचा. गोव्याच्या कदंबा महामंडळाच्या गाडीत बसलात तर बांदा स्टँडपासूनच पूर्ण भाडं, कारण ती गाडी आपल्या एसटीची नाही. स्टँडवर घाईत पुढे लागेल त्या गाडीत चढणाऱ्या आजी-आजोबांच्या हे लक्षात येत नाही.

ज्येष्ठांनी वयाचा पुरावा असलेलं मूळ ओळखपत्र जवळ ठेवावं. एसटीच्या स्मार्ट कार्डाचे नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे लांब जायचं असेल तर आदल्या दिवशी स्टँडवर किंवा सावंतवाडी डेपोत विचारलेलं बरं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या मेसेजवर विसंबू नये.

मग अलीकडे काय आहे? आपली तेरेखोल नदीच घ्या. वरच्या अंगाला हिला बांद्याची नदी म्हणूनच ओळखतात. रोज पुलावरून आपण ती बघतो, पण ती समुद्राला मिळते ते मुख बांद्यातल्या किती जणांनी पाहिलंय? मडुरे, सातार्डा, आरोंदा या बाजूने रेडीकडे उतरलं की नदीच्या मुखावर तेरेखोलचा किल्ला आहे. गंमत अशी की किल्ला नदीच्या आपल्याच काठावर, पण गाव गोव्याचं. सावंतवाडीच्या भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि नदीच्या अलीकडचा हा तुकडा गोव्यात गेला तो आजवर तसाच आहे. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा लावला होता. रेडीपर्यंत एसटीने सवलतीत जायचं, पुढचे थोडे किलोमीटर रिक्षाने. थेट गाडी नसेल तर सावंतवाडीहून गाडी बदलावी लागते, तरीही सवलत कुठे तुटत नाही. किल्ल्यात आता हॉटेल आहे, त्यामुळे आत कुठवर सोडतात ते तिथे विचारावं. पण खरं बघायचं ते बाहेरूनच दिसतं. एका बाजूला समुद्र, समोर नदीपलीकडे केरीचा किनारा आणि मधून जाणारी फेरीबोट.

त्याच वाटेवर रेडीचा द्विभुज गणपती आहे. १९७६ मध्ये खाणीच्या भागात ही मूर्ती सापडली आणि बघता बघता तीर्थस्थान झालं. जवळच यशवंतगड. पुढे शिरोडा. इथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि इथल्याच शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. मुलांच्या पुस्तकात खांडेकर येतात, पण ते आपल्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवरच्या गावात शिकवत होते हे मुलांना कुणी सांगत नाही. एका दिवसात रेडी, तेरेखोल, शिरोडा आरामात होतं. अडचण एकच, परतीची गाडी. गाड्या कमी आहेत आणि संध्याकाळची चुकली तर खासगी रिक्षाचा खर्च सगळी बचत खाऊन टाकतो. सकाळी उतरतानाच शेवटची गाडी किती वाजता हे कंडक्टरला विचारून ठेवावं.

आंबोली सगळ्यांची झालेली असते, पण पावसातली. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते आणि धबधब्यापेक्षा माणसंच जास्त दिसतात. जायचं तर मधल्या वारी जावं. हिरण्यकेशीला गेलात तर तिथल्या कुंडाकडे नीट बघा. २०२० मध्ये तिथे माशाची एक नवी जात नोंदवली गेली, नदीवरूनच त्याला नाव मिळालं, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तिथे निर्माल्य किंवा साबण पाण्यात टाकू नये एवढं तरी आपण करू शकतो.

सावंतवाडी रोजची म्हणून आपण तिथे फिरायला जातच नाही. कोर्ट, बाजार, दवाखाना उरकून परत. राजवाड्यात गंजिफा आणि लाखकाम बघायला लांबून माणसं येतात. चितारआळीतली लाकडी खेळणी तर आहेतच. आजोबांना फार चालवत नसेल तर मोती तलावाकाठची संध्याकाळ सगळ्यात सोयीची. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्यावर जायचं असेल तर मे संपायच्या आत जावं, पावसाळ्यात होडी वाहतूक बंद असते. होडीच्या तिकिटाला एसटीची सवलत लागत नाही हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

तिलारीचं धरण बघायला दोडामार्गकडे जाणाऱ्यांनी मात्र जपून. या भागात २००२ पासून हत्ती आहेत आणि त्यांची ये-जा आता बांद्यापर्यंत पोचली आहे. अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागावं. हत्ती दिसला म्हणून मोबाईल काढून पुढे जाणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि ते करणारे बहुतेक बाहेरून आलेले पाव्हणे असतात. यजमान म्हणून त्यांना अडवायला हवं. उन्हाळ्यात काजूच्या रानात जेवणाचा बेत असेल तर माकडतापाची आठवण ठेवा. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो. पूर्ण अंग झाकणारे कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, आणि मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच आरोग्य केंद्राला कळवणं.

हे सगळं वाचूनही गोव्याला जायचं असेल तर जरूर जा. पत्रादेवीला उतरून हुतात्मा स्मारक मुलांना दाखवा. १५ ऑगस्ट १९५५ ला इथेच सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि पंजाबहून आलेले कर्नेल सिंग बेनिपाल इथे पडले. आपण पेट्रोल भरायला या बाजूला जातो आणि स्मारकावरून तसेच पुढे येतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची खासगी गाडी "डिझेल आणि वर थोडे" देऊन घेऊ नका. खासगी गाडी भाड्याने चालवणं बेकायदेशीर आहे, दंड होतो आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. घरातली सगळी माणसं त्याच गाडीत असतात, हे विसरू नये. दुसरं, परवान्याशिवाय गोव्याची दारू इकडे आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर एसटीतल्या पिशव्याही बघतात. चाकरमान्यांनी हौसेने घेतलेल्या बाटल्या म्हाताऱ्या आईच्या पिशवीत ठेवल्या जातात, आणि मग उत्तर तिला द्यावं लागतं.

आठवडाभर बाहेर पडू शकणाऱ्यांसाठी एसटीचा "आवडेल तेथे प्रवास" पास आहे, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. साध्या गाडीचा आणि शिवशाहीचा पास वेगळा. दर डेपोत विचारावे. पण ज्यांना आधीच अर्धं किंवा मोफत तिकीट आहे, त्यांनी पास घेण्याआधी बेरीज करून बघावी. घरात पास फायद्याचा पडला तर तो बाबांनाच. अख्खी गाडी प्रासंगिक करारावर घेतली तर पैसे किलोमीटरवर मोजले जातात, तिथे माणशी सवलत धरत नाहीत.

रेल्वेचं गणित एसटीच्या उलट. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे एसटीत फुकट जाणाऱ्या आजोबांना गाडीत पूर्ण तिकीट लागतं. बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर त्याचंही पूर्ण. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे १ मेच्या गाडीचं तिकीट २ मार्चला सकाळी मिळू लागतं, आणि कोकण रेल्वेवर मे आणि गणपतीची तिकिटं पहिल्या काही मिनिटांतच संपतात. मुंबईला भाऊ-बहिणीकडे जायचं ठरलं असेल तर कॅलेंडरवर ती तारीख आजच खूण करून ठेवा. ऑनलाईन तत्काळ तिकिटासाठी जुलै २०२५ पासून खातं आधारशी जोडलेलं लागतं. ते काम आदल्या रात्री होत नाही.